ती, तो आणि ते

माझी आजी घरात उर्दू बोलायची. फुलपाखराला ती 'तितली' म्हणे आणि तितली कायम 'ती' असे. शाळेत गेल्यावर गुरुजींनी 'फुलपाखरू' शिकवलं. ते फुलपाखरू! तो नाही, तीही नाही. उर्दूत हे तिसरं लिंगच नाही.

आजची गोष्ट मात्र अशा फुलपाखराची, जे एकाच वेळी 'तो'ही असतं आणि 'ती'ही. एका बाजूचे पंख नराचे, दुसऱ्या बाजूचे मादीचे. मधोमध रेघ ओढावी तशी वाटणी. शास्त्रज्ञ त्याला 'गायनँड्रोमॉर्फ' म्हणतात. स्त्री, पुरुष आणि रूप या अर्थाचे ग्रीक शब्द त्यात जोडले आहेत.

१७६१ साली जर्मनीत शेफर नावाच्या निसर्गाभ्यासक पाद्र्यानं असा एक पतंग पाहून त्यावर पुस्तिका लिहिली. निसर्गात हे कदाचित प्रथमच घडलं असावं, असं त्याला वाटलं. पुढे संग्राहकांना असे नमुने मिळत गेले. २०११ साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये 'ग्रेट मॉर्मन' जातीचं असंच फुलपाखरू कोषातून बाहेर आलं : अर्धं गडद, अर्धं फिकट. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये राज्य फुलपाखराचा मान दिलेल्या 'ब्लू मॉर्मन'चं ते भाऊबंद.

हे होतं कसं? माणसाच्या शरीरात लिंगाशी निगडित संप्रेरकं रक्तातून सगळीकडे पोचतात. कीटकांत मात्र बहुतांशी प्रत्येक पेशी आपल्यापुरतं ठरवते. फुलपाखरांत नराकडे दोन 'झेड' गुणसूत्रं, मादीकडे एक 'झेड' आणि एक 'डब्ल्यू'. एकाच अंड्यात दोन केंद्रकं राहून दोन्ही फळली, किंवा पहिल्याच विभाजनात गुणसूत्रांची वाटणी चुकली, तर दोन बाजू दोन वाटांनी वाढतात.

आमच्या दोडामार्गच्या परसात कढीपत्ता आहे. त्यावर 'कॉमन मॉर्मन'च्या अळ्या वाढतात. नर काळा, पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. काही माद्या नरासारख्याच. काही मात्र लाल ठिपक्यांच्या, विषारी 'क्रिमझन रोझ'चं सोंग घेतलेल्या, पक्ष्यांना चकवणाऱ्या. या वेगळ्या दिसणाऱ्या माद्या एकाच जातीच्या आहेत, हे वॉलेस यांनी १८६५ मध्ये मांडलं. त्यापूर्वी त्यांना वेगळ्या जातींची नावं मिळाली होती. मूळचे पुण्याचे शास्त्रज्ञ कृष्णमेघ कुंटे आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं, की या सोंगाची किल्ली 'डबलसेक्स' नावाच्या एकाच जनुकात आहे. नर-मादीची घडण ठरवण्यातही तेच जनुक काम करतं.

एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या जातीत नर-मादी सारखेच दिसतात, तिथं असं अर्धं-अर्धं फुलपाखरू समोर बसलं तरी आपल्याला ओळखू येणार नाही. म्हणजे त्याच्या दुर्मीळपणात थोडा वाटा आपल्या नजरेचाही आहे.

आमच्या वर्गात एक मुलगा होता. त्याच्या चालण्या-बोलण्यावरून पोरं त्याला 'अर्धवट' म्हणत. मीही म्हटलं, मीही हसलो. सातवीनंतर तो शाळेत आला नाही. माणसाचा हिशेब फुलपाखरावरून मांडू नये, हे मला कळतं. पण तो शब्द आमचा होता, आणि खोटा होता. त्या फुलपाखरातही अर्धवट काही नसतं. दोन्ही बाजू आपापल्या जागी पुऱ्या असतात.

त्या मुलाची माफी मागायची राहून गेली आहे. श्रावणात कढीपत्त्यावर फुलपाखरू उतरलं की नात विचारते, "आजोबा, तो की ती?" मी म्हणतो, "ते आलंय. बसू दे त्याला."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)