वाशिष्ठीकाठचे चिपळूण



शहराचा इतिहास म्हटला की आपल्यापुढे राजे, किल्ले आणि देवळे उभी राहतात. चिपळूणलाही ती आहेत. खाडीकाठी गोवळकोट आहे, डोंगरावर परशुराम आहे. पण मी कामगारांत वावरलेला माणूस. शाळेतली विद्या थोडकी. म्हणून माझा प्रश्न साधा आहे. हे गाव कशावर जगले, आणि त्याचे ओझे कोणी वाहिले? आपल्या वेळणेश्वरला समुद्र अंगणात आहे. तरी मोठी पेठ वसली ती इतक्या आत, चिपळूणला. असे का?

पूर्वेला कुंभार्ली घाट कऱ्हाडकडे चढतो. पश्चिमेला वाशिष्ठी दाभोळच्या खाडीने समुद्राला मिळते. जिथे बैलाची वाट संपते आणि होडीची सुरू होते, तिथे माल उतरवावाच लागतो. उतरवायला हमाल लागतो, ठेवायला वखार, हिशेबाला दुकानदार. घाटावरचा कापूस आणि धान्य खाली येई; मीठ, नारळ, सुकी मासळी वर जाई. गोवळकोटचा धक्का हे या देवघेवीचे दार. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी माजली, तिकडचा कापूस विलायतेला मिळेना, आणि हिंदी कापसाचे भाव कडाडले. त्याच काळात, १८६४ साली, चिपळूणला वाचनालय निघाले. तेच आजचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर. पेठ हलती असली की गावाला वाचायची भूक लागते.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आगगाडी देशावर पसरली. पुण्याहून मिरजेकडे रूळ गेले, आणि घाट उतरून येणारा माल गाडीत बसून परस्पर मुंबईला जाऊ लागला. मालाची वाट आटली, तशी माणसांची वाट वाढली. १९११ साली मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी निम्म्याच्या आसपास माणसे त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली होती. कोकणची चूल मनीऑर्डरीवर पेटे. म्हणूनच १९२८चा संप असो की १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला, त्याची झळ गिरणगावाइतकीच आपल्या वाड्यावाड्यांना लागली.

दरम्यान नदीचेही रूप पालटले. कोयना मुळात पूर्वेकडे वाहणारी, कृष्णेला मिळणारी. धरण बांधून तिचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला वळवले आणि १९६२च्या सुमारास पोफळीला वीज निघू लागली. ती वीज राज्यभर गेली. अवजल मात्र वाशिष्ठीत आले. १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली. जी आगगाडी एके काळी चिपळूणचा माल पळवून गेली, ती शंभर वर्षांनी दारात उभी राहिली. पण तोवर नदीचे पात्र गाळाने भरत चालले होते.

२६ जुलै २००५चा पूर आणि २२ जुलै २०२१चा पूर आपण जाणतोच. दुसऱ्या पुरात बाजारपेठ बुडाली, वाचन मंदिराचे ग्रंथही भिजले. त्यानंतर, २०२१च्या अखेरीस, गाळ काढा म्हणून नागरिक उपोषणाला बसले. काम सुरू झाले ते त्या आग्रहामुळे.

वाशिष्ठीने चिपळूणला पेठ दिली. ज्या पात्राने गलबते आणली, तेच उथळ झाले की पाणी दुकानात शिरते. तेव्हा नदीचा हिशेब गिरणीतल्या हजेरीपटासारखा दरसाल मागितला पाहिजे: गाळ किती निघाला, अवजल किती सुटले, इशारा कधी मिळाला. पूर ओसरल्यावर मागितलेला हिशेब उशिराचा असतो. तो पावसाळ्याआधी, याच दिवसांत, मागू या.