श्रवणपट्टीचा इतिहास

घरपट्टी, पाणीपट्टी आणि दिवाबत्तीची पट्टी यांची आपल्या गृहस्थांना इतकी संवय झालेली आहे कीं, त्यांविषयीं कुरकुर होते ती दरांबद्दल. मूळ तत्त्वाबद्दल कोणी तंटा करीत नाहीं. पेशवाईंतील लग्नटका आणि म्हैसपट्टी हीं नांवें ऐकून आज आपल्याला हंसूं येतें. परंतु घरांत बसून गाणें ऐकण्याबद्दल, किंवा भिंतीशीं ठेवलेल्या पेटींत चित्र पाहण्याबद्दल, सरकारांत वर्षाकांठीं ठराविक रक्कम भरण्याचा नियम आपल्याच देशांत १९८५ सालापर्यंत चालू होता व इंग्लंडांत तो शंभर वर्षें उलटून गेल्यावरही चालू आहे, हें लक्षांत घेतलें म्हणजे जुन्या दफ्तरदारांना हंसण्यांत फारसा अर्थ उरत नाहीं. अशी पट्टी प्रत्येक घरानें द्यावी कीं नाहीं, हा प्रश्न वरवर पाहतां पैशाचा दिसतो. प्रस्तुत लेखकास तो मुख्यतः मालकीचा वाटतो: पट्टी भरणारा त्या संस्थेचा धनी ठरतो, कीं केवळ तिचें कूळ?

ही पट्टी कोणी विचारपूर्वक शोधून काढली असें मात्र नाहीं. १९०४ सालच्या बिनतारी संदेशाच्या कायद्यानें इंग्लंडांत असलें कोणतेंही यंत्र बाळगण्यास पोस्टखात्याचा परवाना आवश्यक केला होता. तो कायदा झाला तेव्हां दिवाणखान्यांत बसून लोक गाणें ऐकतील हें कोणाच्या स्वप्नांतही नव्हतें. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें होतीं तीं जहाजें व आरमार. १९२२ च्या ऑक्टोबरांत यंत्रें तयार करणाऱ्या कारखानदारांनीं मिळून ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनी काढली, १४ नोव्हेंबरपासून लंडनहून तिचे कार्यक्रम सुरू झाले, आणि खर्च कोणीं सोसावा हा प्रश्न उभा राहिला. अमेरिकेंत तो जाहिरातदारांच्या अंगावर जाऊं लागला होता. इंग्रजांना तो बाजार आपल्या घरांत नको होता. हाताशीं जुना परवाना होताच. त्याला दहा शिलिंग किंमत लावली. पांच पोस्टानें ठेवावे व पांच कंपनीस द्यावे असें ठरलें. जुन्या कुलुपाला नवी किल्ली बसवावी तसा हा प्रकार झाला.

पळवाटाही लगेच निघाल्या. लोकांनीं सुटे भाग आणून घरींच यंत्रें जुळविलीं, आपण शास्त्रीय प्रयोग करीत आहों असें सांगून प्रयोगकर्त्याचा परवाना मागितला, आणि कित्येकांनीं तर कसलाच परवाना घेतला नाहीं. १९२३ सालीं साइक्स समितीला या गोंधळाची चौकशी करावी लागली व कंपनीचा वांटा साडेसात शिलिंगांपर्यंत वाढविण्यांत आला. १९२७ च्या १ जानेवारीला कंपनी जाऊन राजाच्या सनदेनें महामंडळ आलें, तेव्हां परवान्यांची संख्या वीस लाखांवर गेली होती.

श्रोत्यांच्या पैशावर चालणारी संस्था सरकारपासून अलिप्त राहते, असें या पद्धतीचे कैवारी नेहमीं सांगतात. त्याची पहिली परीक्षा सनद मिळण्यापूर्वींच, १९२६ च्या मे महिन्यांतील सार्वत्रिक संपाच्या वेळीं झाली. वृत्तपत्रें जवळजवळ बंद पडलेलीं. लोकांना बातमी मिळे ती ध्वनिक्षेपणावरून. चर्चिल त्या वेळीं अर्थमंत्री होते. कंपनीच सरकारनें ताब्यांत घ्यावी असें त्यांचें म्हणणें. पंतप्रधान बाल्डविन यांनीं तसें केलें नाहीं, व कंपनीचे चालक जॉन रीथ यांनीं ती हातची जाऊं दिली नाहीं. येथवर गोष्ट सर्वजण मोठ्या अभिमानानें सांगतात. परंतु मजूरपक्षाचे पुढारी रॅम्से मॅक्डोनल्ड यांना त्याच दिवसांत बोलूं दिलें गेलें नाहीं, आणि समेटाचें आवाहन करूं इच्छिणाऱ्या कँटरबरीच्या आर्चबिशपांनाही आरंभीं नकार मिळाला. श्रोत्यांच्या शिलिंगांनीं सरकारला दाराबाहेर ठेवलें खरें; पण सरकारचें मन दुखवूं नये एवढी दक्षता दाराच्या आंतच बाळगली गेली. तथापि, संस्था टिकली म्हणूनच पुढें ती अधिक धीट होऊं शकली, हेंही विसरून चालणार नाहीं.

दूरचित्रवाणी १९३६ सालीं आली, महायुद्धांत बंद पडली, व १९४६ च्या जूनमध्यें पुन्हां सुरू होतांना तिच्यासाठीं दोन पौंडांचा निराळा परवाना निघाला. पहिल्या वर्षांत तो घेणारे सुमारें साडेचौदा हजारच होते. श्रीमंतांची हौस ती. १९५३ सालीं राणीचा राज्यारोहणसमारंभ दोन कोटींहून अधिक लोकांनीं पाहिला, तो बव्हंशीं शेजाऱ्यांच्या खोल्यांत गर्दी करून. परवाना एकाचा आणि प्रेक्षक वीस, हा हिशेब चाळींत राहिलेल्या आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाहीं. जोंपर्यंत यंत्र ही हौसेची वस्तु होती तोंपर्यंत ही पट्टी न्याय्य दिसे. यंत्र घरोघर गेलें आणि तिचें खरें रूप उघडें पडलें: उमरावाच्या वाड्याला जितकी तितकीच विधवेच्या खोलीला. २०२५ च्या एप्रिलपासून ती वर्षाला १७४.५० पौंड झाली. ती न भरतां पाहणें हा तेथें फौजदारी गुन्हा आहे, आणि ज्यांच्यावर तो शाबीत होतो त्यांत शेंकडा सत्तरांहून अधिक स्त्रिया असल्याचें दिसून आलें आहे. याचें एक कारण ऐकून मन विषण्ण होतें: तपासनीस दार ठोठावतो तेव्हां घरीं असते ती बाई, आणि दार उघडते तीच. पंचाहत्तरीपुढील वृद्धांना २००० सालापासून ही पट्टी माफ होती. २०२० च्या ऑगस्टपासून ती माफी गरिबीचें निवृत्तिसाहाय्य घेणाऱ्यांपुरतीच राहिली.

आतां आपल्याकडे वळूं. २३ जुलै १९२७ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें मुंबईच्या केंद्राचें उद्घाटन झालें व पुढील महिन्यांत कलकत्त्याचें. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी ही खाजगी संस्था. परवाना दहा रुपयांचा, पैकीं आठ कंपनीचे. त्या वर्षाअखेर अखंड हिंदुस्थानांत परवाने होते सुमारें साडेतीन हजार. वाचकांनींच गुणाकार करावा: वर्षाचे अठ्ठावीस हजार रुपये, आणि त्यांत दोन केंद्रें, गवई, वादक, अभियंते व विजेचा खर्च! आयात होणाऱ्या यंत्रांवर शेंकडा दहा मिळत, पण तेंही पुष्कळजण चुकवीत. १९३० च्या मार्चमध्यें कंपनी बुडाली. सरकारनें एप्रिलपासून कारभार हातीं घेतला, १९३१ च्या ऑक्टोबरांत तो बंद करण्याचें ठरविलें, ओरड होतांच नोव्हेंबरांत तो ठराव फिरविला, आणि यंत्रांवरील आयात जकात वाढवून १९३२ च्या मे महिन्यांत तें खातें कायम केलें. इंग्लंडांत पट्टीनें संस्था जगविली. येथें पट्टी देणारेच नव्हते म्हणून सरकार मालक झालें. दोन्ही देशांत परवान्याचा कागद सारखाच दिसे, परंतु येथून पुढें त्याचा अर्थ निराळा झाला.

१९३३ च्या बिनतारी यंत्रांच्या कायद्यानें तो अर्थ पक्का केला. परवान्यावांचून यंत्र नुसतें जवळ बाळगणें हाच गुन्हा ठरला. पहिल्या खेपेस शंभर रुपयांपर्यंत दंड. १८८५ चा तारखात्याचा कायदा मागें होताच. म्हणजे हिंदी श्रोता दहा रुपये देत असे ते संस्थेची वर्गणी म्हणून नव्हे, तर ऐकण्याची परवानगी म्हणून. आणि परवानगी मागणाऱ्यानें कार्यक्रम कसे असावेत हें सांगावें असा शिरस्ता कोणत्याच कचेरींत नसतो. स्वातंत्र्य आलें, राज्य बदललें, परवाना राहिला. पोस्टांत जाऊन पुस्तिका पुढें करणें, वर्षाचें नूतनीकरण करून घेणें, मुदत टळल्यास अधिभार भरणें हा मध्यमवर्गाच्या संसारांतील एक नेमच होऊन बसला.

या पैशानें कांहींच भलें झालें नाहीं असें म्हणणें कृतघ्नपणाचें होईल. १ एप्रिल १९५५ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, पुणें केंद्रावरून गीतरामायण सुरू झालें. गदिमांचीं छप्पन्न गीतें, सुधीर फडके यांच्या चाली; वर्षभर, आठवड्यामागून आठवडा, मधें ना साबण ना दंतमंजन. कोणत्या व्यापाऱ्यानें तो वर्षभराचा धीर धरला असता? १९५६ सालीं त्याच केंद्रानें युनेस्कोच्या साहाय्यानें पांच जिल्ह्यांतील सुमारें दीडशें खेड्यांत श्रोत्यांची मंडळें स्थापून शेतीवरील कार्यक्रम ऐकविले व त्यांवर गांवकऱ्यांची चर्चा घडवून आणली. तेथें तर घर हा हिशेबाचा घटकच नव्हता. सारें गांव एका यंत्राभोंवतीं बसत असे.

परंतु याच काळांतली दुसरी हकीकत अधिक बोधप्रद आहे. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे १९५२ पासून १९६२ पर्यंत नभोवाणीचे मंत्री होते. शास्त्रीय संगीताचा त्यांच्याइतका कैवारी त्या खात्याला पुन्हां लाभला नाहीं. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ सालचा, तो त्यांच्याच कारकीर्दींतला. मात्र चित्रपटांतील गाणीं त्यांना हिणकस वाटत, आणि तीं आकाशवाणीवरून जवळजवळ नाहींशीं झालीं. मग परवानेदारांनीं काय केलें? सभा भरविल्या नाहींत, तक्रारअर्ज केले असतील तर ते फाइलींत राहिले. त्यांनीं यंत्राची खुंटी पिळून रेडिओ सिलोन लावलें. तेथें १९५२ च्या अखेरीस अमीन सायानी यांची बिनाका गीतमाला सुरू झाली व तिच्यामागें पैसा होता तो दांत घासण्याच्या मलमाचा. म्हणजे पट्टी दिल्लीला आणि कान कोलंबोला! केसकरांची अभिरुचि वाईट होती असें मला म्हणावयाचें नाहीं. पण लोकांच्या पैशावर लोकांची अभिरुचि सुधारतांना त्यांस विचारण्याची सोयच नसावी, हा त्या व्यवस्थेचा मूळ दोष होता. १९५७ च्या ऑक्टोबरांत विविधभारती काढून खात्यानें माघार घेतली, ती सिलोनकडे गेलेले कान पाहून. परवानेदाराच्या हक्काचा मान राखून नव्हे.

पुढचा क्रम झपाट्यानें सांगतां येईल. १ नोव्हेंबर १९६७ रोजीं मुंबई, पुणें व नागपूर येथून विविधभारतीवर जाहिराती सुरू झाल्या. १९७६ च्या आरंभीं दूरदर्शनवर त्या आल्या. १९७२ च्या २ ऑक्टोबरपासून मुंबईला दूरचित्रवाणी दिसूं लागली होती, तिचाही परवाना होता. आणीबाणींत या दोन्ही खात्यांनीं कोणाची वाणी बोलली हें वाचकांस सांगावयास नको, आणि ती चालत असतांनाही परवान्याचें नूतनीकरण वेळेवर करावें लागतच होतें. १९८४ च्या जुलैत "हम लोग" ही मालिका एका शेवयांच्या कारखानदाराच्या आश्रयानें सुरू झाली. दुसऱ्याच वर्षीं, विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या अंदाजपत्रकानें, घरगुती परवाना रद्द झाला. लहान लहान रकमा, कोट्यवधि घरें, चुकविणारे असंख्य, आणि जाहिरातींचें उत्पन्न चढतें. हिशेबाच्या दृष्टीनें निर्णय बरोबरच होता. ती पुस्तिका गेली तेव्हां कोणीं डोळ्यांतून टीप काढलें नाहीं.

मग घर पट्टींतून सुटलें काय? केबल आली, छत्र्या आल्या. २०१९ सालच्या नियमानें पहिल्या शंभर वाहिन्यांसाठींच महिना १३० रुपये व वर कर असा आकार ठरला. वर्षाचा नव्हे, महिन्याचा. लोकांनीं तो निमूटपणें दिला, कारण तो दंडाच्या धाकानें मागितलेला नव्हता. दूरदर्शन व आकाशवाणी १९९७ पासून प्रसारभारती या मंडळाकडे आहेत. पण नोकरवर्गाच्या पगारासाठीं मंडळास सरकारच्या अनुदानाकडे पाहावें लागतें. तें अनुदान सर्वांच्या करांतूनच येतें. फरक इतकाच कीं, पूर्वीं आपण किती देतों हें पुस्तिकेवर लिहिलेलें असे; आतां तें ठाऊक असण्याचें कारणच उरलें नाहीं.

इतर देशांनीं या गांठीचे निरनिराळे पेंच सोडविले आहेत. ऑस्ट्रेलियानें १९७४ सालीं पट्टी सोडली, फ्रान्सनें २०२२ सालीं. स्वित्झर्लंडांत २०१८ च्या मार्चमध्यें ती रद्द करण्याचा प्रश्न थेट मतदारांपुढें आला. शेंकडा एकाहत्तरांहून अधिक लोकांनीं आपली पट्टी आपणच राखली. या सर्वांत मला विचार करण्याजोगी वाटते ती जर्मनीची रीत. तेथें २०१३ पासून यंत्र आहे कीं नाहीं हें पाहतच नाहींत. प्रत्येक घरानें वर्गणी द्यावयाची, व सरकारी साहाय्यावर जगणाऱ्यांस माफी मागतां येते. दार ठोठावून यंत्र शोधण्याचा लाजिरवाणा प्रकार त्यामुळें संपला. रक्कम किती असावी याची शिफारस एक स्वतंत्र मंडळ करतें. २०२० सालीं त्या मंडळानें सुचविलेली महिना ८६ सेंटांची वाढ झाक्सेन-आनहाल्ट या एका राज्यानें अडवून धरली. ८६ सेंट म्हणजे पावाच्या एका तुकड्याची किंमत. परंतु प्रकरण घटनेच्या न्यायालयापर्यंत गेलें, आणि २०२१ च्या ऑगस्टांत न्यायालयानें निर्णय दिला कीं, एकट्या राज्याला अशी अडवणूक करतां येणार नाहीं, कारण पैशाची नाडी आवळून कार्यक्रमांच्या स्वातंत्र्यावर घाला घालण्याचा मार्ग त्यामुळें मोकळा होतो. मग १७.५० युरोंची वर्गणी १८.३६ झाली.

इंग्लंडच्या महामंडळाची सध्यांची सनद ३१ डिसेंबर २०२७ रोजीं संपते, आणि पट्टी ठेवावी, बदलावी कीं मोडावी याचा खल तेथें मोठ्या आवाजांत चालू आहे. विधवेच्या खोलीचा व उमरावाच्या वाड्याचा दर एकच असावा काय, आणि दार उघडणाऱ्या बाईलाच न्यायाधीशापुढें उभें करावें काय, हे प्रश्न त्या खलांत वारंवार निघतात. आपल्याकडे मात्र १९८५ सालीं खल झालाच नाहीं. दहा-पंधरा रुपयांच्या सुटकेचा आनंद झाला. त्या रुपयांबरोबर आकाशवाणीवर जो हक्क सांगतां आला असता, पण अठ्ठावन्न वर्षांत कोणीं सांगितला नाहीं, त्याची आठवण अंदाजपत्रकाच्या त्या दिवशीं कोणाला झाली नाहीं.