रानससा व त्याचे तृणरान (अकोट परिसर)

लेपोरिडी कुलातील सस्तन प्राणी, शास्त्रीय नाव लेपस नायग्रिकॉलिस (एफ. क्यूव्हिए, 1823). अकोट तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यातील कपाशीची काळी जमीन संपून उत्तरेस गाविलगडच्या डोंगरांचा पायथा जेथे लागतो, तेथील मुरमाड बरडांवर, नाल्याकाठी आणि महसुली नोंदीत ई-क्लास म्हटल्या जाणाऱ्या गायरानांत तो राहतो. धुऱ्यालगतच्या हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडण्यासही रात्री येतो.

पिंजऱ्यात पाळतात तो ससा बिळे खोदणाऱ्या युरोपीय जातीचा वंशज होय. रानससा बीळ करीत नाही, आणि त्याच्या जीवनक्रमाचे सारे मर्म या एका गोष्टीत आहे. दिवसभर तो गवताच्या ठोंबाआड, स्वतःच्याच अंगाने दबून झालेल्या उथळ खळग्यात, कान पाठीवर टाकून निश्चल बसतो आणि माणसाचे पाऊल अगदी जवळ आल्याखेरीज उठत नाही. त्याची पिलेही उघड्यावरच, अंगभर लव आणि उघडे डोळे घेऊन जन्मतात. गवतातील सत्त्व पुरते मिळावे म्हणून तो आपली मऊ विष्ठा पुन्हा भक्षण करतो.

या रानात कुसळी, पवन्या, मारवेल आणि सुगंधी तेल देणारी तिखाडी ही गवते असून मधूनमधून बोर, हिवर व तरवड उभे असतात. कुसळीचे बी मुद्दाम पाहण्याजोगे आहे : टोकदार दाण्यामागील लांब काळपट कुसळ कोरड्या हवेत पीळ घेते, ओल लागताच तो पीळ उलगडते, आणि या फिरण्याने दाणा आपोआप मातीत शिरून वणव्यातूनही बचावतो. कोवळेपणी ही कुसळी जनावरे आवडीने खातात. कुसळे धरल्यावर टाळतात.

या परिसरातील काही रानाला संरक्षणही लाभले आहे. मोगल अमदानीत ‘सरकार’ या प्रशासकीय विभागाचे ठाणे असलेल्या नरनाळा किल्ल्याभोवतालचे रान 1997 पासून अभयारण्य आहे. मेळघाटातील कुंड, कोहा व बोरी या गावांचे एकविसाव्या शतकाच्या आरंभी अकोट तालुक्यात पुनर्वसन झाले आणि त्यांच्या सोडलेल्या शेतांवर कुरणे वाढली, ही रानसशाच्या दृष्टीने अत्यंत आशादायक घटना होय.

सशाची शिकार 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये निषिद्ध आहे. परंतु ज्याचा निवारा गवताखेरीज दुसरा नाही, त्याला एवढे संरक्षण अपुरे पडते. गायरान महसुली दप्तरात पडीत म्हणून नोंदले जाते, त्यावर अतिक्रमण होते, किंवा वनीकरणाच्या सद्हेतूने तेथे खड्डे खोदून झाडे लावली जातात, आणि दोन्ही प्रकारे गवत जाते. पिढ्यान्‌पिढ्या फासे लावून ससे-तितर धरणाऱ्या फासेपारध्यांनीच अकोला-वाशिम भागातील काही गावांत चराई व वणवा आवरून अशी गायराने राखण्याचे काम अंगावर घेतले आहे.