बैलाला वगळून शिजलेली भाजी

गणपती बसले की त्याच संध्याकाळी मंडईत एक निराळाच वाटा मांडलेला दिसतो. देठांसकट अळू, लाल माठाची बोटभर जाडीची देठं, सुरणाची एक फोड, अर्धं मक्याचं कणीस, पडवळाचा तुकडा, चार भेंड्या आणि मूठभर हिरवे आंबाडे. दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध पंचमीला, हे सगळं एका पातेल्यात शिजतं. हीच ऋषीची भाजी. तिच्यात काय घालायचं यावर दोन घरांचं एकमत होणार नाही. काय घालायचं नाही, हे मात्र सगळ्यांना ठाऊक असतं: बैलाच्या कष्टाचं काही नको.

या नियमाचं कारण ऋषिपंचमीच्या कहाणीत सापडतं. एका ब्राह्मणाच्या बायकोने विटाळशी असताना घरात शिवाशिव केली. त्या दोषाने पुढच्या जन्मी ती कुत्री झाली, नवरा बैल झाला, आणि दोघंही आपल्याच मुलाच्या दारी आली. श्राद्धाच्या दिवशी सापाने खिरीत गरळ टाकली. जेवणारे मरतील म्हणून कुत्रीने खिरीत तोंड घातलं, तर सुनेने जळतं लाकूड तिच्या कमरेत मारलं. रात्री ती गोठ्यात येऊन रडू लागली, तेव्हा बैलाने आपलं गाऱ्हाणं सांगितलं: मुलाने मला दिवसभर नांगराला जुंपलं, तोंड बांधलं, उपाशी ठेवलं, मग श्राद्ध कुणाचं केलं? मुलाने हे ऐकलं. तो रानात ऋषींना शरण गेला आणि त्यांनी हे व्रत सांगितलं.

विटाळाचा भाग आज कुणी मनावर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय कहाणीत शिवाशिवीपेक्षा गोठ्यातला संवादच मनात राहतो. ज्याच्या मानेवर जू ठेवलं तो बापच निघाला! असं कळल्यावर निदान एक दिवस तरी नांगराचं अन्न घशाखाली कसं उतरेल? पाचच दिवस आधी देशावर पोळा झालेला असतो. खांदमळणी करून बैलाला पुरणपोळी चारलेली असते, त्या दिवशी त्याला जुंपत नाहीत. पोळ्याला बैलाचे कष्ट थांबतात, पंचमीला त्याच्या कष्टाचं फळ पानातून दूर ठेवतात.

नियम मात्र कहाणीहून जुना आहे. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थाला बजावलं आहे, की नांगरलेल्या जमिनीत पिकलेलं खाऊ नये, मग ते कुणी टाकून दिलेलं का असेना. संसार सोडून रानात गेलेल्याने रानात आपोआप उगवतं तेच खायचं: कंद, मुळं, फळं, पाला आणि नीवार, म्हणजे पाणथळ जागी वाढणारा रानभात. कालिदासाच्या दुष्यंताला आश्रम जवळ आल्याचं कळतं, तेही झाडांखाली पोपटांच्या ढोलीतून सांडलेले नीवाराचे दाणे पाहून. त्याच जातीच्या रानभाताला आपल्याकडे देवभात म्हणतात, आणि मिळाला तर पंचमीला आजही तोच शिजवतात. त्याचा दाणा पिकला की आपोआप गळतो, म्हणून तो गोळा करणं जिकिरीचं. देवभात नसेल तिथे वरईवर भागवतात.

वानप्रस्थाचा हा आहार गृहस्थाच्या घरी एका दिवसापुरता पाहुणा आला तो व्रतामुळे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी असलेल्या हेमाद्रीच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’त ऋषिपंचमी आहे. हे व्रत मुळात पुरुषांनाही सांगितलेलं होतं, ते पुढे बहुतांशी बायकांकडे आलं, असं महामहोपाध्याय पां. वा. काणे नोंदवतात. सप्तर्षी आणि अरुंधतीची पूजा, आघाड्याच्या काडीने दात घासणं, मग ही भाजी. व्रत बायकांकडे आलं म्हणूनच भाजीचा तपशील एवढा बारकाईने टिकला, असं मला वाटतं. पोथीत कंदमुळं एवढाच मोघम शब्द असतो. कुठला कंद, किती खाजरा आणि कशाने उतरतो, हे ज्ञान चुलीपाशीच राहतं.

आता तिथीकडे बघा. रानभाज्यांचा खरा हंगाम मृगाच्या पहिल्या सरींचा. शेवळं तेव्हाच जमिनीतून वर येतात, मागोमाग टाकळा, फोडशी, भारंगीचा कोवळा पाला. भाद्रपद उजाडेपर्यंत शेवळं संपलेली असतात, टाकळ्याला शेंगा धरू लागतात आणि पाला चरबट लागतो. पंचमीला उरतात ती जाड देठं, करटोलीसारखी फळं, कंद आणि आंबाडे. म्हणून ही भाजी पाल्याची कमी आणि देठाफळांची जास्त. ज्याला कुर्डूचे कोवळे शेंडे अजून मिळतात त्याचं नशीब चांगलं.

आंबाडा त्यात उगाच येत नाही. अळू आणि सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला टोचतात आणि खाज सुटते. त्यावर आपल्या स्वयंपाकात आंबट घालायची रीत आहे. शेवळांबरोबर काकडं वाटून घालतात, अळूत चिंच किंवा आमसूल, ऋषीच्या भाजीत आंबाडा. ठाकर आणि कातकरी बायका बाजारात शेवळांची जुडी देताना सोबत काकडं देतात. ती न घेता जुडी उचलणारं गिऱ्हाईक नवखं आहे हे त्या लगेच ओळखतात.

भाजी करायची रीतही नियमाला धरूनच. तेल घाण्याचं, घाणा बैलाचा, म्हणून कडक पाळणाऱ्या घरात फोडणीच नसते. उसाचा चरक बैलच ओढायचा, तेव्हा गूळही बाद. सुरण आणि देठं आधी शिजत टाकायची, मक्याचे तुकडे त्यातच. अळू-माठाचा पाला आणि पडवळ मागून. ठेचलेले आंबाडे, हिरवी मिरची, मीठ, शेवटी ओलं खोबरं. झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर. मसाला नसल्यामुळे प्रत्येक देठाची चव वेगळी कळते. चांगली जमली तर मला ती उंधियोपेक्षा आवडते, हे गुजराती मित्रांसमोर बोलत नाही.

पण या पातेल्यातल्या कुळांची चौकशी केली तर गंमत आहे. मका, लाल भोपळा, मिरची, रताळं ही सगळी अमेरिकेची पिकं. 1492 मध्ये कोलंबस तिथे पोहोचला, 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, आणि त्यानंतरच त्यांचा आपल्याकडे येण्याचा रस्ता खुला झाला. हेमाद्रीने यातलं एकही पाहिलं नव्हतं. तरी ती सोवळ्याच्या भाजीत बिनबोभाट शिरली, कारण नियमाने ‘कुठून आलं’ हे कधी विचारलंच नाही. कुणी कष्ट केले, एवढंच विचारलं. परसात कुदळीने आळं करून, कळशीने पाणी घालून वाढलेला भोपळा बैलाच्या घामाचा नव्हता. रान दूर गेलं तशी परसबागच ऋषींचं रान झाली, आणि परसबाग गेली तेव्हा मंडईतला वाटा आला. त्या वाट्यातली भेंडी मात्र नांगरलेल्या शेतातलीच असते, याकडे सगळेच सोयीस्कर काणाडोळा करतात.

आता तर बहुतेक शेत ट्रॅक्टरनेच नांगरलं जातं आणि चिखलणीला पॉवर टिलर असतो. तेलाच्या गिरण्या विजेवर चालतात. नियमाचं अक्षर धरलं तर गहू, तांदूळ, गूळ, तेल, सगळंच पंचमीला चालायला हवं. पण पंचमीला कुणी ट्रॅक्टरच्या गव्हाची पोळी वाढल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. दुकानातून वरईचं पाकीट येतं, शेजारणीकडे आघाडा आहे का याची चौकशी होते, आणि आंबाडे महाग झाले म्हणून कुरकुरत का होईना, चार तरी घेतलेच जातात.