टालर: वितळायचा राहिलेला रुपयाचा भाऊबंद

आधी एक घोळ मिटवू. 'जर्मन सिल्व्हर' म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त. त्यात चांदी औषधालाही नसते. आज बोलायचंय ते जर्मनीच्या खऱ्या चांदीच्या नाण्यांबद्दल, म्हणजे टालरबद्दल.

१८५७ मध्ये व्हिएन्नाला करार झाला तेव्हा जर्मनी असा एक देश नव्हताच. प्रशिया, सॅक्सनी, बव्हेरिया, हॅनोव्हर, प्रत्येकाचा राजा वेगळा. पण नव्या टालरचं वजन सगळीकडे साडेअठरा ग्रॅम. पाचशे ग्रॅमच्या एका पौंड शुद्ध चांदीत तीस टालर, हे नाण्यावरच लिहिलेलं. संग्राहकांना हे नाणं आवडतं ते म्हणूनच: चेहरे बदलतात, तराजू बदलत नाही. हातात आलं की आधी वजन करा, मग कड बघा. प्रशियाच्या टालरच्या कडेला 'गॉट मिट उन्स', देव आमच्यासोबत, असं असतं. तिथे कडी जोडल्याची खूण दिसली तर नाणं कधीतरी गळ्यात मिरवलंय, भाव पाडून मागा. घासून चकचकीत केलेलं तर घेऊच नका.

१८७१ साली फ्रान्सला हरवून जर्मनी एक झाला. पाच अब्ज फ्रँकची खंडणी ठरली आणि देश सोन्याच्या मार्ककडे वळला. मग जुन्या चांदीचं काय? टालर वितळवले आणि चांदी बाजारात विकायला काढली. त्यात नेव्हाडाच्या खाणींची चांदी आली, फ्रान्सने चांदीची नाणी पाडणं आवरतं घेतलं. भाव कोसळला. १८७९ मध्ये बिस्मार्कने विक्री थांबवली, घसरण काही थांबली नाही.

आणि आपला रुपया चांदीचा! १८७० च्या सुमारास तो दोन शिलिंगांच्या जरा खाली होता, १८९२-९३ मध्ये सव्वा शिलिंगावर आला. सरकारला लंडनमध्ये व्याज आणि पेन्शनी भरायच्या त्या पौंडांत. तेवढ्याच पौंडांना रुपये जास्त लागू लागले, आणि ते येणार कुठून? रयतेकडूनच. अखेर २६ जून १८९३ ला मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद झाल्या. तोवर चांदी नेऊन रुपये पाडून घेता येत. त्यानंतर घरातल्या तोड्या-वाळ्यांची किंमत सराफ म्हणेल ती.

तिकडे उरलेले टालर मात्र तीन मार्क म्हणून १९०७ पर्यंत चालले. प्रशियाच्या विल्हेल्मचे आजही सहज मिळतात. छोट्या संस्थानांचे शोधायला वर्षं जातात.