देवनागरीचा भार आणि समांतर पोर्ट

बीड जिल्ह्यातील आष्टी तालुका १९४८ पर्यंत निजामी राजवटीत होता व त्या राज्याची राजभाषा उर्दू होती. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ याने मराठीस राजभाषेचे स्थान दिले. त्यामुळे आष्टीसारख्या तालुक्याचे महसुली दप्तर पुढे संगणकावर आणावयाचे, तर सातबाराचा उतारा देवनागरीतच छापला पाहिजे, हे ओघानेच आले. भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रीय योजना १९८८-८९ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. महाराष्ट्रातून तीत वर्धा जिल्हा होता. त्या काळी छपाईयंत्र संगणकास जोडण्याचे रूढ साधन म्हणजे समांतर पोर्ट होय.

हा पोर्ट मूळचा रोमन अक्षरांसाठी योजिलेला. सेंट्रॉनिक्स कंपनीने १९७० च्या सुमारास त्याची पद्धत घातली व आयबीएमने १९८१ च्या पर्सनल कॉम्प्युटरात ती स्वीकारली. तीत प्रत्येक बाइट प्रोसेसरने स्वतः पोचवावयाचा असतो: बाइट तारांवर ठेवणे, यंत्र मोकळे आहे की नाही हे पाहणे, मग संकेताची तार खाली-वर करणे. यंत्र मोकळे नसेल, तर प्रोसेसर पुनःपुन्हा तेच विचारीत राहतो. रोमन मजकुराच्या ८० अक्षरी ओळीस ८० बाइट पुरत. अक्षरांचे साचे यंत्राच्याच पोटात असत. देवनागरीचे साचे ज्या यंत्रात नसत, त्यास ओळ चित्ररूपाने धाडावी लागे. २४ सुयांच्या यंत्रावर इंचास १८० ठिपके धरले, तर आठ इंची ओळीत १,४४० स्तंभ येतात; दर स्तंभास ३ बाइट, म्हणजे एकूण ४,३२० बाइट. हा भार चौपन्नपट झाला! १९९१ च्या इस्की प्रमाणकाने अक्षरे साठविण्याचा प्रश्न सोडविला, कागदावर उमटविण्याचा नव्हे.

डॉसच्या काळात हा भार फारसा जाणवला नाही, कारण तेथे एका वेळी एकच काम चाले. विंडोजमध्ये अनेक कामे एकत्र चालू लागताच प्रोसेसरचे हे ताटकळणे उघडे पडले व छपाई चालू असता इतर कामे अडखळू लागली. याचा दोष लिपीच्या क्लिष्टतेवर ढकलणे अन्यायाचे आहे. रोमन मजकूरही चित्ररूपाने धाडल्यास हेच घडते. १९९४ च्या आयईईई १२८४ प्रमाणकातील ईसीपी पद्धतीत स्मृतीतील मजकूर प्रोसेसरला न गुंतविता थेट पोर्टाकडे नेण्याची सोय झाली. मात्र बायोसमध्ये पोर्ट त्या पद्धतीवर ठेवलेला नसेल, किंवा ड्रायव्हर तिचा उपयोग करीत नसेल, तर नवा संगणकही जुन्याच रीतीने बाइटामागून बाइट मोजीत बसे.