लॉर्ड डॉसन यांचीं टिपणें

असाध्य रोगानें तळमळणाऱ्या मनुष्यानें स्वतः होऊन मरण मागितलें तर डॉक्टरनें तें द्यावें काय, हा प्रश्न इंग्लंडच्या लॉर्डांच्या सभेपुढें १९३६ सालच्या १ डिसेंबर रोजीं आला. लेस्टर शहराचे आरोग्याधिकारी डॉक्टर मिलार्ड यांनीं ही चळवळ चालविली होती, व १९३५ सालीं तिच्यासाठीं एक संस्थाही निघाली होती. बिलांतील अटी कडक होत्या. रोगी सज्ञान असावा, रोग प्राणघातक असावा, दोन साक्षीदारांसमक्ष रोग्यानें अर्जावर सही करावी, आणि सरकारी पंचानें तो अर्ज तपासावा.

विरुद्ध बोलणाऱ्यांत लॉर्ड डॉसन यांच्या शब्दाला विशेष वजन होतें, कारण ते राजवैद्य. मरण सुसह्य करणें हें डॉक्टरचें कर्तव्यच आहे, त्यापायीं आयुष्य थोडें घटलें तरी चालेल. मात्र ही गोष्ट कायद्यांत न घालतां डॉक्टरच्या सदसद्विवेकावर सोडावी, असें त्यांचें म्हणणें. मोठें समंजस भाषण, असेंच कोणीही म्हणेल. बिल १४ विरुद्ध ३५ मतांनीं पडलें.

त्याच वर्षीं २० जानेवारीच्या रात्रीं सँड्रिंगहॅमच्या वाड्यांत काय घडलें, हें मात्र सभेला ठाऊक नव्हतें. बादशहा पंचम जॉर्ज अत्यवस्थ होते. त्यांचें जीवित शांतपणें समाप्तीकडे चाललें आहे, अशा अर्थाचें पत्रक डॉसन यांनीं साडेनऊच्या सुमारास काढलें. अकराच्या सुमारास त्यांनीं पाऊण ग्रेन मॉर्फीन व पाठोपाठ कोकेन बादशहांच्या मानेच्या शिरेंत स्वतःच्या हातानें टोंचलें. नर्सला तें पटलें नव्हतें. बारा वाजण्यास पांच मिनिटें असतां बादशहांनीं प्राण सोडला. बादशहा बेशुद्ध होते, तेव्हां वेदनांचा प्रश्न नव्हता. मरणाची वार्ता सायंकाळच्या हलक्या पत्रांत प्रथम न येतां सकाळच्या ‘टाइम्स’मध्यें यावी, हें एक कारण डॉसन यांनींच टिपून ठेविलें आहे. त्या पत्रानें छपाई जरा थांबवावी म्हणून लंडनास पत्नीला त्यांनीं आधींच टेलिफोन केला होता!

आशा नसल्यास आयुष्य लांबवूं नये, असें राणी व युवराज यांनीं सांगितलें होतें खरें. परंतु न लांबविणें निराळें आणि सुई टोंचून संपविणें निराळें. खुद्द बादशहांना तर कोणीं विचारलेंच नाहीं. रोग्याची सही मागणारें बिल ज्यांनीं पाडविलें, त्यांनीं सहीवांचूनच काम उरकलें होतें.

डॉसन १९४५ सालीं वारले. चरित्रकार फ्रान्सिस वॉटसन यांनीं हीं टिपणें पाहिलीं होतीं. पण डॉसन यांच्या पत्नीच्या इच्छेवरून १९५० सालच्या चरित्रांतून तीं गाळलीं. त्यांनीं तीं प्रसिद्ध केलीं तेव्हां १९८६ साल उजाडलें होतें.